स्लोला बंद पडणारी गाडी

कानसेन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. शेजारच्या सायकलवाल्यानं कधीतरी चेष्टेत ठेवलं आणि ते असं चिकटलं की बायकोच्या माहेरची माणसंसुद्धा त्याच नावानं चौकशी करू लागली. माणूस मोटरसायकली दुरुस्त करायचा. एकतीस वर्षं तेच शटर, तीच तेलकट फळी आणि तीच एक खोड. गिऱ्हाइकानं तक्रार सांगायला तोंड उघडलं की हा हात वर करायचा. म्हणायचा, तुम्ही जरा गप्प बसा, गाडीला बोलू द्या. मग गाडी मेन स्टँडवर घ्यायची, चालू करायची, डोळे मिटायचे आणि पाच मिनिटांत रोग सांगायचा. टॅपेट सैल आहे. चेन ओढून धरलीय. रिंग गेली. खोलून बघावं तर तेच निघायचं. लोक लांबून यायचे ते त्याच्या हातासाठी नव्हे, कानासाठी. हात काय, सगळ्यांनाच दोन असतात, असं तोच म्हणायचा. कानही सगळ्यांना दोनच असतात, हे त्याला सांगायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

आता खोटं कशाला बोला, घमेंड होतीच थोडी. पण ज्याच्या जिवावर उड्या मारतो तेच आधी जातं, ही जगाची रीत. गेल्या वर्षभरात त्याचा डावा कान गेला होता. गेला म्हणजे पार गेला, आणि उजवाही त्याच वाटेनं निघाला होता. आधी टायमिंग चेनची बारीक किणकिण ऐकू येईना. मग भिंतीवरचं घड्याळ मुकं झालं. मग एके सकाळी बायको शिलाई मशीनवर बसलेली दिसली, पाय हलताना दिसले, चाक फिरताना दिसलं आणि आवाज काही आला नाही. तो दारात उभा राहून बराच वेळ बघत होता.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरला नाही, सायकलवाल्याला नाही, बायकोला तर नाहीच नाही. कानावर पोट असलेल्या माणसानं कान गेला म्हणून सांगायचं म्हणजे स्वतःच्या हातानं शटर ओढून घ्यायचं. त्यानं युक्त्या काढल्या. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबायची, म्हणजे हाडातून थोडंफार कळायचं. टाकीवर तळवा ठेवला की थरथर कळायची. गिऱ्हाइकाच्या ओठांकडे बघत राहायचं. बायकोचं तर आणखी सोपं होतं. ती लोकांचे कपडे शिवायची, संध्याकाळी मशीनवर वाकून, याच्याकडे पाठ करून दिवसभराचं सगळं सांगायची. हा पलंगावर बसून मधूनमधून 'हं' म्हणायचा. पूर्वी शब्दानं शब्द वाढवणारा नवरा आता सगळ्याला हं म्हणतो, यावर ती खूश होती. बहिणीला सांगायची, उशिरा का होईना, माणूस सुधारला.

अशा दिवसांत नर्सताईंची गाडी आली.

नर्सताई घरोघरी जाऊन आजारी माणसांना इंजेक्शनं द्यायच्या, जखमा बांधायच्या. दिवसाला दहा-बारा घरं. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी जुन्या गाड्यांच्या बाजारातून एक मोटरसायकल घेतली, आणि घेताना कानसेनला बरोबर नेलं. यानं स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटले आणि सांगितलं, डोळे झाकून घ्या. गाडी खरंच देखणी होती. आधीच्या मालकानं लेकरासारखी जपलेली. एक वायर लोंबत नव्हती, एक नट गंजलेला नव्हता.

आठवड्यात त्या परत आल्या. गाडी चालताना काही त्रास नाही, पण थांबली की बंद पडते. सिग्नलला थांबा, बंद. रेल्वे फाटकाला थांबा, बंद. अशी तक्रार कानसेननं हजारदा पाहिली होती. कार्बोरेटर काढला, स्लोचा, म्हणजे उभ्या गाडीला पेट्रोल देणारा, जेट फुंकून साफ केला, एअर स्क्रू फिरवून फिरवून आयडलिंग लावलं, नवा प्लग टाकला. स्टँडवर गाडी तासभर एका लयीत चालली. दोन दिवसांनी ताई पुन्हा दारात. आता त्यानं इनटेकचं रबर बदललं, चीर असेल आणि हवा ओढत असेल म्हणून. टॅपेटमधली फट फिलर गेजनं मोजली. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलंय का तेही बघितलं. स्टँडवर पुन्हा तासभर, घड्याळासारखी.

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा ताईंचा चेहरा उतरलेला होता. चौकात मधोमध गाडी मेली होती आणि मागून बस आली होती. बसवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचल्या. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच कानसेनला लागलं. "काका, ती खोकत नाही, फडफडत नाही," त्या म्हणाल्या. "कुणीतरी किल्ली फिरवल्यासारखी बंद होते." मग खाली वाकून हेल्मेट पिशवीत घालता घालता आणखी काहीतरी म्हणाल्या. वाकलेल्या माणसाचे ओठ दिसत नाहीत. कानसेन म्हणाला, हं.

त्या काय म्हणाल्या ते आपल्याला माहीत असायला हरकत नाही. त्या म्हणाल्या, की मागे बहीण बसली की गाडी एकदाही बंद पडत नाही. हे त्यांनी दुसऱ्या खेपेलाही सांगितलं होतं. तेव्हाही याचं हंच होतं.

शनिवारपर्यंत बघा, असं ताई म्हणाल्या. नाही जमलं तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवते, वाईट वाटून घेऊ नका. वाईट न वाटायला काय झालं? एकतीस वर्षांत एकच तक्रार घेऊन तिसऱ्यांदा गाडी आली नव्हती. सर्व्हिस सेंटरची पोरं काय तो रोग शोधतील, आणि हां हां म्हणता गावभर होईल की कानसेनला ऐकू आला नाही. कारण तोही मनात तेच धरून बसला होता. गाडी सांगतेय, आपल्यालाच ऐकू येत नाहीये. आवाजात काहीतरी आहे, बारीक, आपल्या हाताबाहेर गेलेलं. म्हणून तो पुन्हा पुन्हा स्क्रूड्रायव्हर कानामागे दाबत राहिला, इतका की तिथं वळ उठला. कानानं बघायची सवय झालेल्या माणसाला डोळे वापरायचं सुचत नाही.

गुरुवारी दुपारी तो गाडी घेऊन स्वतः रस्त्यावर निघाला. पहिल्या सिग्नलला क्लच दाबला, ब्रेकवर पाय ठेवला, गाडी थांबली आणि मेली. ताई म्हणाल्या तश्शी. हँडलची थरथर हातातून एकदम गेली. धाप लागत लागत मरणारी गाडी त्याला माहीत होती, पेट्रोल कमी पडलं की ती आधी अडखळते. ही अडखळलीच नाही. आणि त्याच वेळी त्याला वाटलं की गाडीची मागची बाजू किंचित वर उचलली गेली. मागचा माणूस उतरला की शॉकअप जसा वर येतो तशी.

त्यानं मागे वळून पाहिलं. सीट रिकामी होती, आणि मागचा रिक्षावाला हात नाचवत होता.

दुसऱ्या सिग्नलला तेच. फाटकाला तेच. प्रत्येक वेळी गाडी थांबायची, मागचं ओझं उतरल्यासारखं व्हायचं आणि इंजिन बंद. कानसेन भित्रा नव्हता, पण पुढे जायचं धाडस काही झालं नाही. त्यानं फाटकापासून गाडी फिरवली आणि परतीला लागला.

परतीच्या वाटेवर गाडी एकदाही बंद पडली नाही.

तेच सिग्नल, तोच पाय ब्रेकवर. इंजिन गोड चालू. इंजिन तापलं म्हणून, असं त्यानं स्वतःला सांगितलं. फक्त गाडी जरा जड वाटत होती. वळणावर ती एकट्या माणसाच्या गाडीसारखी वळत नव्हती. शेवटच्या सिग्नलला एक बाई रुमाल विकत होती. ती याच्यापाशी आली, पण रुमाल तिनं याच्यापुढे धरला नाही. खांद्यावरून मागे धरला. याला तर आता ओठ वाचायची सवय लागली होती. तिचे ओठ स्वच्छ म्हणाले, "घ्या ना ताई." मग तिनं डोळे बारीक केले, रुमाल मागे घेतला आणि पुढच्या गाडीकडे गेली. सिग्नल सुटला. कानसेननं गॅरेज येईपर्यंत मान वळवली नाही.

शुक्रवारी सकाळी रोग सापडला, तोही गुडघेदुखीच्या कृपेनं. गाडी स्टँडवर चालू होती, हा खाली उकिडवा बसला होता. उठताना आधाराला हात टेकला तो नेमका ब्रेकच्या पेडलवर. गाडी बंद. तो तसाच थांबला. पुन्हा किक मारली, चालू झाली. पेडल हातानं दाबलं. बंद. एकतीस वर्षं आयडलिंग लावताना ब्रेक कशाला दाबायचा? स्टँडवरच्या गाडीला ब्रेक लागतोय कशाला? कपाळावर हात मारून घ्यायचंच बाकी होतं.

मग त्यानं कान सोडले आणि डोळे लावले. ब्रेकच्या दिव्याच्या वायरीला आणखी एक वायर जोडलेली होती, त्याच रंगाची, त्याच टेपनं इतकी सफाईनं गुंडाळलेली की कारखान्यातून तशीच आली असावी. ती सीटखाली गेली होती आणि तिथून सीटच्या आत. त्यानं मागच्या सीटचं कव्हर उसवलं. फोममध्ये चौकोनी खाच कापून एक बटण बसवलेलं होतं, लिफ्टच्या दाराला असतं तसलं. हात ठेवून दाबलं की आत जायचं, सोडलं की वर यायचं. करामत साधी होती. ब्रेक दाबलेला असेल आणि मागे कुणी बसलेलं नसेल, तर इंजिन बंद. चालत्या गाडीत ब्रेक दाबला तरी चाकाच्या जोरावर इंजिन फिरत राहायचं, ब्रेक सोडला की पुन्हा पेटायचं, म्हणून कळायचं नाही. थांबल्यावर मात्र खेळ खलास.

कानाचा दोष नव्हता तर! कानसेनला इतकं हलकं वाटलं की तो एकटाच हसला. या आजारात ऐकण्यासारखं काही नव्हतंच. कुणाला काही सांगायची गरज नाही, शटर उघडं राहणार. त्यानं सीटवर तळवा दाबून ब्रेक दाबला, इंजिन चालू. तळवा उचलला, बंद. दाबला, उचलला. पाच-सहा वेळा करून बघितलं, आणि मग त्याचा हात जागच्या जागी थांबला.

काल परतताना तो एकटा होता. पाय ब्रेकवर होता. आणि गाडी चालू होती.

त्यानं बटण तपासलं. अडकत नव्हतं. वायर कुठं घासलेली नव्हती. दुपारी जेवला नाही. गाडीच्या कागदांवर आधीच्या मालकाचा पत्ता होता, तो घेऊन चालत निघाला. गॅरेजात दुसऱ्या गाड्या होत्या, पण त्याला कुठल्याच गाडीवर बसवेना.

आधीचा मालक सत्तरीचा, लिफ्ट दुरुस्त करणारा. आयुष्य लिफ्टच्या भुयारात घालवलेलं आणि राहायला तळमजल्यावर. एक खोली, एक पलंग, भिंतीशी ओळीनं लावलेली हत्यारं. दोन्ही कानांत यंत्रं होती. कानसेनची नजर त्या यंत्रांवरून हलेना. म्हाताऱ्याच्या ते लक्षात आलं. आता लावलीत, तेव्हा लाज वाटायची, असं तो म्हणाला आणि खुर्ची पुढे सरकवली.

गाडीचं नाव काढताच त्यानं विचारलं, बटण सापडलं का. मग उशीर न करता सांगायला लागला, जणू कुणीतरी येऊन विचारायची वाटच बघत होता. तो आणि बायको तिच्या भावाकडून परत येत होते. वाटेत, गावापासून लांब, एक फाटक बंद होतं. ती चप्पल निसटली म्हणून खाली उतरली, तसं म्हणालीही असणार. याला ऐकू आलं नाही. फाटक उघडलं आणि हा निघाला.

"तेवीस किलोमीटर मी तिच्याशी बोलत आलो, मिस्त्री," म्हातारा म्हणाला. "छत गळतंय त्याचं, भावाच्या मुलीचं, काय काय. आणि ती हुंकार देत होती. मला आठवतात तिचे हुंकार."

घरी पोचल्यावर कळलं. परत जाईस्तोवर ती दोन तास फाटकापाशी उभी होती. भांडली नाही, रडली नाही. फक्त त्यानंतर गाडीवर बसली की एक अक्षर बोलायची नाही. म्हणून त्यानं ते बटण केलं. पुन्हा असं व्हायला नको. ती उतरली की गाडीनंच पुढे जायचं नाही. दोन वर्षं ते चाललं, मग ती आजारानं गेली. हा एकटा गाडी चालवू लागला आणि गाडी दर थांब्याला बंद पडू लागली. बटण काढणं दोन मिनिटांचं काम होतं. त्यानं काढलं नाही. मागे कुणी नाही हे कुणाला तरी कळतंय, एवढंच बरं वाटायचं.

"मग विकली का?" कानसेननं विचारलं.

म्हाताऱ्यानं कानातलं यंत्र नीट बसवलं. "बंद पडेनाशी झाली म्हणून," तो म्हणाला.

कानसेन परत आला तेव्हा सायकलवाल्यानं विचारलं, भूत बघितलंस का रे. यानं उत्तर दिलं नाही, त्याला ते ऐकूच आलं नव्हतं. त्यानं बटण उपटलं, वायर मुळापासून कापली, ब्रेकच्या दिव्याचं कनेक्शन पूर्ववत केलं आणि फोमची खाच बुजवून सीट शिवून टाकली. शिवायची सवय नव्हती म्हणून टाके वाकडे पडले. बटण त्यानं कचऱ्यात टाकलं, मग कचराही लांब नेऊन टाकला.

पण म्हातारा काही डोक्यातून जाईना. तो तेवीस किलोमीटरचा रस्ता, ते हुंकार. भुताची भीती एकवेळ पेलते, ही भीती निराळी होती. आज ना उद्या आपणही असंच कुणालातरी कुठंतरी सोडून येणार. वर्षभर पोटात ठेवलेली गोष्ट त्याला एकदम जड झाली. सांगायचं. बाकी कुणाला नाही, बायकोला. आजच. पण समोर बसून सांगायची छाती नव्हती. गाडीवर सांगणं सोपं, तिथं तोंड बघावं लागत नाही.

शनिवारी दुपारी तो घरी गेला आणि बायकोला म्हणाला, चल, गाडी तपासायची आहे, मागे वजन हवं. बायको म्हणाली, आता एवढाच उपयोग राहिला का माझा? तिला फाटकापलीकडच्या एका घरी शिवलेले कपडे द्यायचेच होते. तिनं गाठोडं मांडीवर घेतलं आणि मागे बसली. नर्सताई चारला येणार होत्या, वेळ भरपूर होता.

दोन्ही सिग्नलला गाडी चालू राहिली. फाटक बंद होतं. गाड्यांच्या रांगेत कानसेन ब्रेकवर पाय ठेवून थांबला आणि तळवा टाकीवर टेकवला. इंजिन एका लयीत, कुठं ठेच नाही. त्याला बरं वाटलं. आगगाडी गेली, फाटक वर झालं, आजूबाजूच्या गाड्या एकदम हलल्या आणि तोही निघाला.

रूळ ओलांडल्यावर त्यानं सुरुवात केली. मान न वळवता, रस्त्याकडे बघत. आधी लिफ्टवाल्या म्हाताऱ्याचं सांगितलं. मग म्हणाला, तुला एक सांगायचंय, रागावू नकोस. मला ऐकू येत नाही. डावा पार गेलाय, उजवाही चाललाय. वर्ष होऊन गेलं. तुझी मशीन ऐकू येत नाही. तू संध्याकाळी बोलतेस त्यातलं दहातलं एखादं कळतं, बाकीच्याला मी नुसतं हं म्हणतो. भीती वाटली गं. धंदा जाईल याची होतीच, पण त्याहून जास्त, तुझ्या नजरेतून उतरेन याची. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले आणि रस्ता पुसट दिसायला लागला. तेवढ्यात त्याच्या खांद्यावर हात पडला. हलकासा, धीर दिल्यासारखा, आणि तिथंच राहिला. गाडी वळणाला जड होती, मागचं माणूस त्याच्याबरोबर झुकत होतं. त्याला वाटलं, सुटलो बुवा. एवढं सोपं होतं तर वर्षभर कशाला झुरलो?

कपडे द्यायचं घर आलं. त्यानं गाडी थांबवली, दोन्ही पाय टेकवले आणि बायको उतरायची वाट बघत राहिला. ती नेहमी त्याच्या खांद्याला धरून उतरायची. खांद्यावरचा हात गेला. गाडीची मागची बाजू वर उचलली गेली. इंजिन चालूच होतं.

तो म्हणाला, बोलणार नाहीस का? आणि मागे वळला.

मागे कुणी नव्हतं. रस्त्यावरही कुणी नव्हतं. गाठोडं नव्हतं. फक्त मागच्या सीटवर, त्याच्या वाकड्या टाक्यांच्या मधोमध, माणूस बसल्याचा खळगा होता. बघता बघता तो हळूहळू वर आला आणि सीट सपाट झाली.

त्यानं गाडी कशी फिरवली ते त्याला आठवत नाही. फाटकाच्या पलीकडे, कडेच्या कठड्यापाशी बायको उभी होती, गाठोडं छातीशी धरून. गाठोड्याची गाठ सुटली होती. कपडे रस्त्यात पडले म्हणून ती उतरली होती, थांबा म्हणून सांगून उतरली होती. हाका मारल्या होत्या. फाटकवाला ओरडला होता, दोन गाडीवाल्यांनी हॉर्न मारले होते. सगळा रस्ता वळून बघत होता, एक नवरा सोडून.

"अहो, कान आहेत का भोकं?" ती म्हणाली. ती रडत होती. हे त्यानं ओठांवरून वाचलं.

"मी तुला आत्ता सांगितलं ना सगळं," तो म्हणाला.

"कुणाला?"

त्यानं मागच्या सीटकडे बघितलं. मग किल्ली फिरवून गाडी बंद केली, उतरला आणि तिच्या समोर जाऊन उभा राहिला. आता तोंड बघणं भाग होतं. मघाशी घळाघळा आलेले शब्द आता एकेक ओढून काढावे लागत होते. "मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "वर्ष झालं. तू घरी बोलतेस ते मला ऐकू येत नाही. मी नुसता हं म्हणतो."

तिनं खाली वाकून गाठोड्याची गाठ पुन्हा बांधली, कितीतरी वेळ लावून बांधली. फाटक पुन्हा खाली येत होतं. वाकलेली असतानाच ती काहीतरी म्हणाली. त्याला फक्त तिचे खांदे हललेले दिसले. सवयीनं हं तोंडात आलंच होतं.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "पुन्हा सांग."

ती सरळ झाली. जवळ आली, त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं.

"मग वर्षभर मी बोलत होते ते कुणाशी?"